पाणी तपासले, निकाल कुठे आहे?

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले आणि चार दिवसांत टक्कल पडू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशी गावामागून गावे. मग पथके धावली, बाटल्या भरल्या, पाणी प्रयोगशाळेत गेले. बातम्यांत आकडा झळकला: नायट्रेट ५४, हवे फक्त १०. आपल्याकडच्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. दहाचा आकडा असतो तो नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन मोजताना. दोन मापांची अशी सरमिसळ झाली, तर ती गावकऱ्याला कळावी कशी? आपल्या विहिरीचा आकडा त्याला आधी कोणी दाखवलाच नव्हता.

पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. केसांचे खापर पाण्यावरून उतरले, बातमी थांबली. पण बातमी थांबली म्हणून ५४ चे ४५ झाले नाहीत.

या पत्रकाचे भांडण एकाच सवयीशी आहे: पाणी तपासायचे, निकाल वर पाठवायचा आणि पिणाऱ्याला सांगायचे नाही.

तपासण्या होत नाहीत असे कोणी म्हणू नये. भूजलवाले निरीक्षण विहिरींचे नमुने घेतात, पाणीपुरवठावाले नळयोजनेच्या उद्भवाचे, प्रदूषणवाले कारखान्यांभोवतीचे, आरोग्यवाले रोगजंतूंसाठी, आणि केंद्राची यंत्रणा आणखी वेगळे. विहिरी वेगळ्या, महिने वेगळे, क्रमांक वेगळे. एकाच शिवारातले हे सगळे निकाल एका कागदावर मांडणे कोणाचेच काम नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या ३५ टक्क्यांहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. देशात सर्वाधिक ग्रासलेल्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ हे आपले सात. या सात जिल्ह्यांतल्या किती टाक्यांवर हा आकडा रंगवला आहे?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र हिरवे कार्ड लावलेले असते. ते मिळते उद्भवाभोवतीची स्वच्छता, गळती आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा साठा पाहून. ओटी टेस्टला पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोचले, इतके समजते. कार्ड पाहून बाई निर्धास्तपणे घागर भरते. पण टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराइड तसेच राहतात. पाणी उकळले तर वाफ जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट आणखी दाट होते. त्याच पाण्यात तान्ह्या बाळाचे पावडरचे दूध कालवले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळे पडते. आपण पाणी उकळले म्हणजे काळजी घेतली, असे त्या आईला वाटत असते. तिला हे न सांगणे हा गुन्हा आहे.

वर उत्तर मिळते, लोक घाबरतील. शेगावचे लोक घाबरले ते आकडा आधी ठाऊक नव्हता म्हणून. दुसरे उत्तर, माहिती पोर्टलवर आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ २००५ पासून सांगते की माहिती आपणहून द्या, आणि त्यात सूचना फलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. इंग्रजी तक्त्यात विहिरीचा सांकेतिक क्रमांक शोधत बसणे हे बोअरवेलवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे काम नव्हे.

तिसरे उत्तर सर्वांत संतापजनक: त्यांना यातले काय कळते? दूध संकलन केंद्रावर फॅट एका पॉइंटने कमी लागली तर पावती हातात घेऊन भांडणारा शेतकरी, त्याला ४५ आणि ५४ मधला फरक कळणार नाही? फ्लोराइडची मर्यादा दीड आहे, हे तर ज्या गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडले तिथे कोणी शिकवायला नको.

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. सर्व खात्यांनी एका विहिरीला एकच क्रमांक द्यावा. प्रत्येक टाकीवर आणि सार्वजनिक बोअरवेलवर नायट्रेट, फ्लोराइड, क्षार, तपासणीची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख ऑइलपेंटने लिहावी. आणि जिथे आकडा ४५ च्या वर असेल, तिथे बाळांसाठी पाणी कुठून आणायचे, तेही त्याच भिंतीवर लिहावे.