जिच्या स्पर्शाने जीव जातो

ताहेरे माफी यांची ‘शॅटर मी’ (२०११) ही इंग्रजी कादंबरी मी दोन दुपारींत संपवली आणि मला ती फार आवडली. जूलिएटच्या नुसत्या स्पर्शाने माणूस मरतो, म्हणून तिला २६४ दिवस कोठडीत एकटीला डांबलेलं. जग उजाड झालेलं, वर जुलमी राजवट. त्यांना ही मुलगी हत्यार म्हणून हवी आहे. ती नकार देते. (प्रेमप्रकरण जरा जास्तच आहे, पण तेही मी चवीने वाचलं.)

‘आपल्या घरात असली हिंसा कशाला?’ असं मैत्रिणी विचारतात. मला उलट वाटतं. मुलींना आपण ‘सोसून घे’ म्हणतो आणि त्यालाच क्षमा हे नाव देतो. हातात काहीच नसताना सोसलं, तर तो नाइलाज झाला. जूलिएटच्या हातात मरण आहे, तरी ती हात आवरते. पडेगावहून वेरूळ काही लांब नाही. ३२ नंबरच्या लेण्यात बाहुबली पाहा, अंगावर वेली चढलेले. मल्लयुद्धात भरताला वर उचललं होतं त्यांनी, पण आपटलं नाही. दुबळ्याची गोष्ट आहे का ती?

दुसरा भाग लेकीसाठी मागवणार आहे. दशलक्षण होऊ दे, मग आधी मीच वाचेन.