घाट उतरणाऱ्या गाडीची वीज कोणाची?

बोरघाट उतरणारी गाडी ओढावी लागत नाही, रोखून धरावी लागते. कर्जतहून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर उंची, ३७ फुटांत एक फूट अशा चढाने, मागे जादा इंजिने जोडून गाठावी लागते. त्यासाठी खर्ची पडलेली शक्ती उतरताना नाहीशी होत नाही. एक तर ती ब्रेकच्या ठोकळ्यांत व रोधकांत उष्णता होऊन हवेत विरते, नाही तर इंजिनाच्या मोटारींनाच जनित्र बनवून वीजरूपाने पुन्हा तारेत सोडता येते. हजार टनांची गाडी हा घाट उतरते तेव्हा सुमारे दीड हजार युनिटांइतकी ऊर्जा मोकळी होते. ती सारीच हाती लागत नाही हे खरे. पण जी लागते ती वीज आहे, आणि विजेला किंमत आहे.

हे आजचे नवल नव्हे. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये झाले तेव्हा घाटात मालगाड्या ओढणाऱ्या, 'खेकडा' या नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनांत ही सोय होती. स्वातंत्र्यानंतर मात्र देशात मोठ्या संख्येने बांधलेली डब्ल्यूएजी-७ सारखी इंजिने उतारावरची शक्ती रोधकांत जाळीत राहिली. नव्वदच्या दशकात तीन फेजची इंजिने आली तेव्हा कोठे ही वाट पुन्हा मोकळी झाली.

मुंबईच्या लोकलची अडचण निराळी होती. १५०० व्होल्टच्या एकदिश तारेत परत आलेली वीज जवळपास दुसरी गाडी वेग घेत असेल तरच कामी येई. उपकेंद्रातील रेक्टिफायर तिला मागे जाऊ देत नसे. २०१६ पर्यंत सर्व उपनगरी मार्गांवर २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत आली आणि हा अडसर दूर झाला. शेजारच्या गाडीने न घेतलेली वीज आता रोहित्रातून थेट सार्वजनिक जाळ्यात जाऊ शकते.

खरा प्रश्न येथे सुरू होतो. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये पाच हजार माणसे कोंबलेली असतात. माणशी साठ किलो धरले तरी हे तीनशे टन वजन होते. गाडी थांबताना जी वीज निर्माण होते, तीत या लटकत्या, घामेजल्या माणसांच्या वजनाचाही वाटा असतो. ही वीज आकाशातून पडलेली नाही. गाडीला वेग देताना ती विकतच घेतलेली असते, आणि त्या खरेदीत प्रवाशाच्या तिकिटाचा पैसा असतो. मग परत आलेल्या विजेवर पहिला हक्क कोणाचा?

या विजेचा वेगळा हिशेब ठेवणे किचकट आहे, ती शेवटी रेल्वेच्याच कामी येते, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. दिल्ली मेट्रोचा हाच प्रकल्प २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदला गेला. तेथे कार्बन-पत्ते मिळवायची होती, म्हणून वाचलेली वीज मोजली गेली. बाजारासाठी जे मोजता येते, ते जनतेसाठी मोजता येत नाही काय? महाराष्ट्रात रेल्वेने २०१५ मध्ये दाभोळच्या प्रकल्पाची वीज परस्पर खरेदी करण्यास आरंभ केला. घेताना जी रेल्वे घासाघीस करू शकते, तिने देतानाही पै न् पै मागून घेतली पाहिजे.

म्हणून मागण्या तीनच आहेत. प्रत्येक उपकेंद्रावर आलेली व परत गेलेली वीज मोजली जावी आणि तिचे आकडे दरमहा प्रसिद्ध व्हावेत. परत दिलेल्या प्रत्येक युनिटाची वजावट रेल्वेच्या वीजबिलात मिळावी. या बचतीचा पैसा वातानुकूलित डब्यांच्या दिमाखावर न उधळता साध्या लोकलच्या फेऱ्या वाढविण्यासाठी वापरला जावा. गाडी अडवून धरण्यातूनही संपत्ती निर्माण होते हे यंत्राने सिद्ध केले आहे. ती संपत्ती कोणाच्या पदरात पडावी हे मात्र यंत्र ठरवीत नाही. ते लोकांनीच ठरवायचे असते.