जीपचे घराणे

जुने सरस की नवे, हा वाद गाण्याच्या बैठकीपुरता राहत नाही. तो मोटारींतही शिरतो. १९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी निघू लागलेली विलीज जीप आणि १९९७ सालची जीप रँग्लर यांची तुलना निघाली, की जुन्याचे अभिमानी तत्काळ निकाल देतात, ‘खरी ती पहिलीच!’ हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

विलीजची थोरवी निर्विवाद आहे. १९४० साली सैन्याने नमुन्याची गाडी अवघ्या ४९ दिवसांत मागितली. ती बँटम या लहानशा कंपनीने करून दिली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेतो सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. चार सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे इंजिन, तीन गिअर, दारे नाहीतच. अनावश्यक असे अंगावर काही नाही. मात्र चारही चाकांवर पाटे असल्याने प्रत्येक खड्ड्याचा हिशेब पाठीच्या कण्याला द्यावा लागे.

१९९७ च्या रँग्लरने पाटे काढून चारही चाकांवर कॉइल स्प्रिंगा घातल्या. पुढचा-मागचा अखंड आक्स, चढणीसाठी गिअरची वेगळी सखल जोडी, आडवी पाडता येणारी काच हे मूळचे गुण मात्र राखले.

मौज पुढेच आहे. १९८७ च्या पहिल्या रँग्लरला चौकोनी दिवे होते आणि त्यावरून भक्तमंडळी रुसली. १९९७ साली गोल दिवे परत आले, तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले. चौकोनी दिव्यांच्या गाडीत पाटे जुनेच होते, तरी ती परकी ठरली. गोल दिव्यांच्या गाडीतून पाटे गेले, तरी ती घरची ठरली!

आमचे वडील दरबारी गवई. त्यांची खाकरण्याची लकबसुद्धा शागीर्द हुबेहूब उचलीत. लयीचा हिशेब उचलणारे थोडे. घराणे मात्र त्या थोड्यांनीच पुढे नेले.

नव्या गाडीत एक गोष्ट गमावली, हेही सांगितले पाहिजे. विलीज चार हत्यारांनिशी रस्त्याच्या कडेला दुरुस्त होई. रँग्लरच्या इंजिनावर संगणकाची हुकमत आहे. हा तोटा लहान नव्हे. तरीही विलीजची खरी वारस रँग्लरच, असे आमचे मत आहे, आणि ते तिच्या दिव्यांमुळे नव्हे. आपल्या जुन्या घरांतून पगड्या आणि तंबोरे काचेच्या कपाटांत जपले जातात. मुलांना रोजची तालीम मिळते की नाही, हेही एकदा पाहावे.