पेशंट किती ते नंतर, आधी पैसे कोण देतो ते विचारा

मोबाइलवरून अमेरिकेतले शेअर घेणारे आता आपल्याकडेही घरोघरी दिसतात. त्यांना एकच सांगणं आहे : फोनवर डॉक्टर मिळवून देणारी एखादी कंपनी आफ्रिकेत किंवा आशियात शिरतेय, एवढ्याच बातमीवर पैसे लावू नका.

लंडनच्या बॅबिलॉन हेल्थचं बघा. तिने २०१६ साली रवांडात ‘बाबिल’ ही सेवा सुरू केली. स्मार्टफोन नसला तरी अडत नसे. साध्या फोनवरून नंबर लावायचा, नर्स किंवा डॉक्टरशी बोलायचं, औषधाचा कोड एसएमएसने यायचा. २०२० मध्ये तिथल्या सरकारशी १० वर्षांचा करार झाला. सुमारे सव्वा कोटी वस्तीच्या देशात २० लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आली, तेव्हा तिची किंमत ४ अब्ज डॉलरच्या वर धरली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनी कोसळली. शेअर मातीमोल झाले, रवांडातली सेवाही बंद पडली.

सेवा लोकांच्या उपयोगाची होती, यात वाद नाही. पण गरीब देशात एका सल्ल्यामागे मिळून मिळून किती मिळणार? कंपनीची खरी उलाढाल होती अमेरिकेत. तिथे ठरावीक रकमेत पेशंटच्या उपचारांची जबाबदारी घ्यायची आणि खर्च वाढला की तोटा सोसायचा, असा व्यवहार. २०२२ साली उत्पन्न १ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं, तरी तोटा २२ कोटी डॉलरच्या घरात होता. कौतुक रवांडाचं होत होतं, हिशेब मात्र अमेरिकेत बिघडत होता.

तेव्हा कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि चार गोष्टी शोधा. सल्ल्याचे पैसे रुग्ण देतो, विमा देतो की सरकार? नोंदणी केलेल्यांपैकी पुन्हा फोन करणारे किती? उत्पन्न नेमकं कुठल्या देशातून येतं? हातातली रोकड किती महिने पुरेल? कंपनी भारतात येणार असेल, तर आणखी एक : फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारची ई-संजीवनी सेवा फुकट असताना लोक हिला पैसे का देतील?

उत्तरं सापडली नाहीत, तर शेअर घेऊ नका. आणि घेतलाच, तर बुडाले तरी मुलांची फी आणि घराचा हप्ता अडणार नाही, एवढेच पैसे घाला.