कानांची सापत्न वागणूक

नावडे फाट्यावर तळोज्याच्या अवजड वाहनांत गाडी अडकते, तेव्हा गाडीतला स्टिरिओ हीच आमची मैफल असते. म्हणूनच दुकानांतल्या पडद्यांच्या लखलखाटावर आमचा आक्षेप आहे. ९ इंची पडदा, रंग बदलणारे दिवे यांची महती विक्रेता तोंडपाठ सांगतो. ध्वनीविषयी मात्र खोक्यावरचे ‘५० वॉट’ दाखवून मोकळा होतो. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा. सलग मिळणारी शक्ती बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी. सीडी सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट वाहते. ब्लूटूथच्या सर्वसाधारण एसबीसी पद्धतीत फार तर ३२८ च्या आसपास उरतात. त्यात स्पीकरही सुमार असले, की तानपुऱ्याची जवारी हरवते आणि किशोरी आमोणकरांचा मंद्रातला स्वर इंजिनाच्या घरघरीत बुडतो.

‘रस्त्यावर गोंगाट असतोच, मग दर्जा कशाला?’ हा युक्तिवाद आम्हांस उफराटा वाटतो. गोंगाटातच स्वच्छ स्वराची निकड अधिक. मुद्रणदोषांनी बुजबुजलेल्या पुस्तकाला केवळ सुबक मुखपृष्ठासाठी आपण थोर म्हणत नाही. मग कानांनाच ही सापत्न वागणूक का? पैसा मोजकाच असेल, तर पडदा सोडावा, स्पीकर चांगले घ्यावेत. दुकानात आपल्याला पाठ असलेले ध्वनिमुद्रण लावून, डोळे मिटून ऐकावे. कौल कानांनीच द्यावा.