बायपास हा शेवटचा उपाय नव्हे

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला की पाव्हणेरावळे एकच सल्ला देतात : ‘स्टेंट टाकून मोकळे व्हा, बायपासची वेळ येऊ देऊ नका.’ आधी स्टेंट, अगदीच नाइलाज झाला तर बायपास, असा क्रम लोकांच्या मनात पक्का बसला आहे. हा क्रम चुकीचा आहे आणि त्याची सर्वांत मोठी किंमत मधुमेही रुग्ण मोजतात.

पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. स्टेंट मनगटातून किंवा जांघेतून बसतो आणि रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी येतो. बायपासमध्ये छातीचे हाड कापावे लागते, ते जुळायला दोन-तीन महिने जातात. ऐन ऊसतोडीच्या हंगामात शेतकऱ्याला इतके दिवस परवडत नाहीत. पक्षाघाताचा धोकाही बायपासमध्ये अधिक. फार थकलेल्या किंवा फुप्फुसे निकामी होत आलेल्या रुग्णाला तो झेपेलच असे नाही.

पण ऑपरेशन लहान की मोठे, हा निकषच मुळात अपुरा आहे. पुढची पाच-दहा वर्षे कशी जातील, हे पाहिले पाहिजे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ चाचणीत एकाहून अधिक रक्तवाहिन्यांत अडथळे असलेले 1,900 मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत स्टेंट गटातले 16.3 टक्के रुग्ण दगावले, बायपास गटातले 10.9 टक्के. पक्षाघात बायपास गटात जास्त झाले, 2.4 टक्क्यांच्या जागी 5.2 टक्के, तरीही एकूण हिशेब बायपासच्या बाजूने राहिला.

असे का होते, हे नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. कालवा एका जागी फुटला तर तेवढी डागडुजी पुरते. पण मैलभर अस्तर खचले असेल, तर वरूनच नवी चारी काढून पाणी खाली सोडावे लागते. स्टेंट एका जागेचा अडथळा काढतो. बायपास रोगट भाग ओलांडून पलीकडे रक्त पोहोचवतो. मधुमेहात रक्तवाहिनी लांबवर खराब होते, म्हणून हा फरक जिवाशी येतो.

‘ते जुने स्टेंट होते, आता सुधारले,’ हा आक्षेप रास्त आहे. नव्या स्टेंटच्या ‘फेम 3’ चाचणीत पाच वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे आढळले. मात्र हार्ट अटॅक आणि पुन्हा प्रक्रिया करण्याची वेळ स्टेंट गटातच अधिक आली. शिवाय त्यातले बहुसंख्य रुग्ण मधुमेही नव्हते. ‘बायपास दहाच वर्षे टिकतो,’ हेही अर्धसत्य. पायाच्या शिरांच्या जोडण्या कालांतराने बंद पडतात, हे खरे. पण छातीतल्या धमनीची जोडणी दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू असते.

खर्चाचा मुद्दाही तपासून घ्यावा. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. पण तीन-चार स्टेंट आणि पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी असा हिशेब मांडला, तर स्वस्ताई उरतेच असे नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तर दोन्ही उपचारांची सोय आहे.

बायपासचा उदोउदो करण्यासाठी हे लिहिलेले नाही. हार्ट अटॅक चालू असेल तर बंद रक्तवाहिनी तातडीने उघडणारा स्टेंटच बहुधा जीव वाचवतो. इंदापूरहून पुणे सुमारे 140 किलोमीटर; जवळ कॅथलॅब नसेल तर तालुक्यातच ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घ्यावे आणि मग पुढे निघावे. उलट, दुखणे स्थिर असेल तर घाई नको. 5,179 स्थिर रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीत स्टेंट किंवा बायपासची घाई केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतल्या दुखण्याला मात्र आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचे पंपिंग फारच कमी असलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. त्यांची गोष्ट वेगळी.

तेव्हा नियम असा असावा : अटॅकमध्ये धमनी तातडीने उघडणे, स्थिर दुखण्यात आधी गोळ्या, साखर-रक्तदाबावर ताबा आणि तंबाखू बंद, तीन रक्तवाहिन्या व मधुमेह, किंवा डाव्या मुख्य धमनीचा गुंतागुंतीचा आजार असेल तर बायपासचा विचार सर्वांत आधी.

अँजिओग्राफीच्या टेबलावर रुग्ण असताना बाहेर नातेवाइकांकडून सही मागितली जाते. अटॅक नसेल, दुखणे स्थिर असेल, तर ती सही लगेच करू नका. सीडी आणि रिपोर्ट घ्या. किती रक्तवाहिन्या, मुख्य धमनी कशी, पंपिंग किती, हे विचारा. आणि हृदयरोगतज्ज्ञासोबत हृदयशल्यविशारदाचेही मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. तो तुमचा हक्क आहे.