हायब्रिड गाडी आणि नागभीडचा हिशेब

नागपूर–नागभीड ही छोट्या रुळांची गाडी ब्रॉडगेज रूपांतरासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाली, आणि या भागातील व्यापाराची रस्त्यावरील भिस्त आणखी वाढली. खरेदीला नागपूर, कचेरीच्या कामाला चंद्रपूर, वसुलीला ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, सिंदेवाही असे व्यापाऱ्याचे फिरणे असते. त्यामुळे घरातील मोटार येथे चैनीची वस्तू राहिलेली नसून दुकानाच्या तराजूइतकीच गरजेची झाली आहे. अशा घरांत सध्या एक प्रश्न वारंवार निघतो. मुलगा म्हणतो, हायब्रिड घेऊ. वडील विचारतात, जास्तीचे दोन-अडीच लाख कशासाठी?

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मिळत नाही. त्यासाठी बॉनेटखाली काय घडते ते आधी समजून घ्यावे लागते आणि मग वही उघडावी लागते.

चर्चेत प्रामुख्याने दोन गाड्या असतात. टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकीची ग्रँड विटारा. दोन्ही २०२२ साली आल्या. नावे व बाह्यरूप निराळे असले तरी अंतरंग एकच आहे. दोन्हींचे उत्पादन बेंगळुरूजवळील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटरच्या कारखान्यात सुरू झाले. जपानी कंपनीच्या नावाला किर्लोस्कर हे आपल्या नांगराच्या कारखानदाराचे आडनाव जोडलेले आहे, याचे मराठी माणसाला थोडे अप्रूप वाटणारच.

खरेदीदाराची पहिली गफलत 'हायब्रिड' या शब्दापाशी होते. या गाड्यांत दोन प्रकार मिळतात. पहिला 'माइल्ड' हायब्रिड. त्याला मारुती 'स्मार्ट हायब्रिड' म्हणते. त्यातील १४६२ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन १०३ पीएस शक्ती देते, आणि त्यासोबत असलेले छोटे विद्युतयंत्र इंजिनाला जरासा हातभार लावते, इतकेच. त्या यंत्राच्या बळावर गाडी एक पाऊलही चालत नाही. दुसरा 'स्ट्राँग' हायब्रिड. त्यात १४९० घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन ९२ पीएस देते, विद्युतमोटर ८० पीएस व १४१ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि गाडी केवळ विजेवरही काही अंतर जाऊ शकते. दोघांच्या किमतीत लाखांचा फरक असताना एकाच शब्दाने दोघांना ओळखणे म्हणजे कनकी आणि अख्खा तांदूळ एकाच भावाने तोलण्यासारखे आहे.

चिकित्सक वाचक येथे बेरीज करून पाहील. ९२ आणि ८० मिळून १७२ व्हायला हवेत, पण कंपनी एकत्रित शक्ती सुमारे ११६ पीएस सांगते. मग उरलेले ५६ गेले कोठे? ते कोठेही गेलेले नाहीत. मोटर ८० पीएस पेलू शकते हे खरे, परंतु तिला वीज पुरवणारी बॅटरी अगदी लहान आहे. तिची क्षमता ०.७६ युनिट, म्हणजे पाऊण युनिटच्या आसपास. इतकी लहान बॅटरी एका वेळी वीस-पंचवीस पीएसइतकीच भर घालू शकते. इंजिनाचे ९२ आणि बॅटरीचे हे चोवीस मिळून ११६ होतात. मोटरला याहून अधिक वीज मिळते ती इंजिनानेच निर्माण केलेली असते, आणि ती शक्ती दोनदा जमा धरता येत नाही. एकाच रकमेची दोन खात्यांवर जमा दाखवली तर ताळेबंद फुगतो. तिजोरीत भर पडत नाही.

बॅटरी लहान ठेवण्यात हिशेब आहे. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीत तीस-चाळीस युनिटची बॅटरी असते. ती गोदामासारखी असते, माल भरून ठेवायचा आणि पुरवून वापरायचा. हायब्रिडची बॅटरी म्हणजे गल्ला. दिवसभर येणे-जाणे चालू, साठवण नाममात्र. तिला बाहेरून चार्ज करावे लागत नाही आणि करताही येत नाही. ब्रेक लावताना जी गती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग मोटर उलटी फिरून वीज म्हणून परत मिळवते. चार माणसांसह सुमारे सोळाशे किलो वजनाची गाडी ताशी साठ किलोमीटरने धावत असेल तर तिच्या गतीत जवळजवळ ०.०६ युनिट, म्हणजे एका युनिटचा सोळावा हिस्सा, ऊर्जा असते. ती सगळी परत मिळत नाही, आणि एका वेळची रक्कम क्षुल्लकच असते. पण बाजाराच्या दिवशी गावातून जाताना ब्रेक किती वेळा दाबला जातो, हे ज्याने गाडी चालवली आहे त्याला ठाऊक आहे.

इंजिनाची करामत जुनी आहे. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात असे इंजिन रचले की ज्यात वायू दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा टप्पा लांब असतो. जळलेल्या वायूकडून शेवटपर्यंत काम करून घ्यायचे, ही त्यामागील कल्पना. आजच्या इंजिनात हेच तत्त्व आतली झडप थोडी उशिरा मिटून साधतात. अशा इंजिनाला पेट्रोल कमी लागते, पण खालच्या वेगाला त्याचा जोर कमी पडतो, म्हणून एकट्याने ते लोकप्रिय होणे कठीण होते. विद्युतमोटरचा स्वभाव नेमका उलटा. तिचा पूर्ण जोर अगदी सुरुवातीपासून मिळतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली आणि जोडी जमली. टोयोटाने ही जोडी १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस या गाडीतून विक्रीस आणली. तेव्हापासूनचा अनुभव या यंत्रणेमागे आहे.

इंजिन, जनित्र आणि मोटर या तिघांना जोडणारा ग्रहमालेसारखा गिअरसंच हे या रचनेचे हृदय. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि बाहेर एक कडे. इंजिन छोट्या चाकांच्या चौकटीला जोडलेले, जनित्र मधल्या चाकाला आणि रस्त्याची चाके बाहेरच्या कड्याला. मोटरही त्याच बाजूने जोर लावते. जनित्राचा वेग कमी-अधिक केला की गिअर बदलल्याचा परिणाम साधतो. म्हणून याला ई-सीव्हीटी म्हणतात. पण साध्या सीव्हीटीतील पट्टा येथे नाही. क्लच नाही, नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. झिजून बदलावे लागणारे कितीतरी भाग मुळातच गाळले गेले आहेत, आणि ब्रेकचे पॅडही अधिक काळ टिकतात. 'यंत्र जितके गुंतागुंतीचे तितके बिघाड जास्त' हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप येथे निम्माच लागू पडतो. इलेक्ट्रॉनिक्स गुंतागुंतीचे आहे, हे मात्र खरे.

चालवताना गाडी कशी वाटते? गावात ती बहुधा विजेवर निःशब्द सरकते. घोडाझरीच्या बाजूला रानातील रस्त्यावर संथ जाताना ही शांतता सुखद वाटते. पादचाऱ्याला चाहूल लागावी म्हणून मंद वेगाला कृत्रिम आवाजाची सोय आहे. ताशी शंभरचा वेग गाठायला साधारण बारा सेकंद लागतात, म्हणजे ही शर्यतीची गाडी नव्हे. धानाची पोती लादलेल्या ट्रकला दुपदरी रस्त्यावर मागे टाकायचे तर सुरुवातीचा झटका मोटर झकास देते, पण पाय पूर्ण दाबल्यावर तीन सिलिंडरचे इंजिन एकसुरी घरघरू लागते आणि त्या आवाजाच्या मानाने वेग सावकाश वाढतो. सवय नसलेल्याला काही बिघडल्याचा भास होतो. बिघडलेले काही नसते, तरी भरवशाचे अंतर अधिक ठेवूनच ओलांडावे. रात्री या जंगलपट्ट्यात ते एरवीही शहाणपणाचेच, कारण समोरून ट्रकच येईल असे नाही.

आता वही. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीनुसार स्ट्राँग हायब्रिडचे मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे आणि माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकचे २०.५८. हे आकडे प्रयोगशाळेतील ठरावीक चक्राचे आहेत. प्रत्यक्षात दोन्ही खाली येतात. हिशेबापुरते अनुक्रमे २१ आणि १५ धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि धाव वर्षाला १५,००० किलोमीटर धरली, तर एका गाडीला सुमारे ७१४ लिटर लागतील, दुसरीला १,००० लिटर. बचत २८६ लिटर, म्हणजे तीस हजार रुपये.

किमतीतील फरक मोजताना समान वस्तूंची तुलना हवी. ग्रँड विटारा बाजारात आली तेव्हा वरच्या श्रेणीची हाताने गिअर बदलायची गाडी एक्स-शोरूम साडेपंधरा लाखांच्या आसपास होती, ऑटोमॅटिक सुमारे सतरा आणि स्ट्राँग हायब्रिड सुमारे साडेएकोणीस. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच असते. तेव्हा ज्याला ऑटोमॅटिक घ्यायचीच आहे त्याच्यासाठी फरक अडीच लाखांचा, आणि ज्याचे साध्या गिअरवर भागते त्याच्यासाठी चार लाखांचा. आजच्या किमती विक्रेत्याकडून घ्याव्यात, पद्धत हीच ठेवावी.

बहुतेक जण अडीच लाखांना तीस हजारांनी भागतात आणि 'आठ वर्षांत पैसे वसूल' असे म्हणून मोकळे होतात. त्यांनी व्याज विसरलेले असते. हे अडीच लाख कर्जाऊ असोत वा धंद्यातून काढलेले, नऊ टक्क्यांनी त्यांचे वर्षाचे व्याज साडेबावीस हजार होते. तीस हजारांच्या बचतीतून व्याज वजा जाता पहिल्या वर्षी मुद्दलात जेमतेम साडेसात हजार जमा होतात. या गतीने संपूर्ण रक्कम फिटायला सोळा वर्षे लागतील, आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी असते पंधरा वर्षांची. धाव दुप्पट, म्हणजे वर्षाला ३०,००० किलोमीटर असेल तर चित्र पालटते. बचत साठ हजार होते आणि व्याजासह रक्कम सुमारे साडेपाच वर्षांत फिटते. दर महिन्याला अडीच हजार किलोमीटर खरोखर होतात का, हे अंदाजाने न सांगता जुन्या गाडीच्या मीटरवरून आणि पेट्रोलच्या बिलांवरून पाहावे. घरात 'आपले फिरणे फार' असे सर्वांनाच वाटत असते.

धाव कोठे होते हेही पाहावे. हायब्रिडचा खरा लाभ थांबत-चालत जाण्यात आहे. उमरेड-भिवापूरमार्गे नागपूरला एकसारख्या ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला ब्रेक क्वचित लागतो, परत मिळणारी वीज तुटपुंजी असते आणि दोन गाड्यांतील अंतर कमी होते. उलट खेडोपाडी गतिरोधक, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि गुरांच्या कळपांतून वाट काढणाऱ्याला ते वाढलेले दिसेल.

कराच्या बाबतीत हायब्रिडला फारशी सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी रचनेत चार मीटरहून लांब अथवा १२०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल गाड्या, हायब्रिड असोत वा नसोत, चाळीस टक्क्यांच्या वर्गात आहेत. विजेच्या गाडीला पाच टक्के. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. महाराष्ट्रातील खरेदीदाराला मात्र रस्ता कर भरावा लागतो, आणि तो किमतीच्या टक्केवारीने असल्यामुळे फरकाच्या अडीच लाखांवरही चढतो. दुकानाच्या नावे गाडी घेतली म्हणजे जीएसटीचे क्रेडिट मिळेल हा समजही खोटा आहे. कायद्याच्या कलम १७(५) नुसार अशा प्रवासी गाडीवर सामान्य व्यापाऱ्याला ते मिळत नाही. आयकरात पंधरा टक्के घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी जेवढा वापर असेल तेवढ्याच प्रमाणात. शिवाय कंपनीच्या नावे नोंदणी केल्यास राज्याचा रस्ता कर अधिक पडतो, हे सही करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

पैशांत न मोजता येणाऱ्या काही गोष्टी आहेत. बॅटरी मागे असल्याने स्ट्राँग हायब्रिडची डिकी साध्या गाडीच्या सुमारे ३७३ लिटरवरून २६५ लिटरवर येते. लग्नकार्याला निघालेल्या पाच जणांच्या कुटुंबाला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. ही गाडी केवळ पुढच्या चाकांवर चालते. चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी तर माइल्ड हायब्रिडकडेच वळावे लागते. पावसाळ्यात बांध्यांमधल्या चिखलवाटेने धान पाहायला जाणाऱ्याने याचा विचार करावा. एचएमटी हे धानाचे वाण दादाजी खोब्रागडे यांनी याच तालुक्यातील नांदेड गावी निवडले आणि त्याला मनगटी घड्याळाचे नाव दिले. ते पीक घेणाऱ्या शिवारांतल्या वाटा शहरातील माहितीपत्रकासाठी आखलेल्या नाहीत.

उष्णतेचेही आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीचे नाव दर मे महिन्यात देशातील सर्वाधिक तापलेल्या ठिकाणांत येते. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. तिला गार ठेवणारा पंखा प्रवाशांच्या कक्षातीलच हवा ओढतो, म्हणून त्याच्या जाळीवर पिशव्या, चादरी वा पोती ठेवू नयेत आणि तेथे धूळ साचू देऊ नये. बॅटरीवर कंपनीची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी असते. ती टिकण्यासाठी अधिकृत केंद्रातील सेवेच्या नोंदी जपाव्या लागतात. गाडीत बारा व्होल्टची एक साधी बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. गाव सोडून पंधरवडाभर परगावी जाणाऱ्याने त्या काळात घरातील कोणाला तरी अधूनमधून गाडी थोडा वेळ चालू ठेवायला सांगून जावे.